'आम्ही लोक' म्हणजे कोण?

17 सप्टेंबर 1987 ला अमेरिकेच्या राज्यघटनेला 200 वर्षं झाली. तिकडे मोठा उत्सव झाला, रेडिओवर त्याच्या बातम्या आपणही ऐकल्या. त्यावर शिबिरात काही साथी म्हणाले, अमेरिकेचं आपल्याला काय? इथं आपलं नाव सातबाऱ्यावर चढत नाही, तिथं कुणाची घटना किती जुनी झाली ते कशाला मोजायचं? आमचं म्हणणं असं, की ह्या गोष्टीतला अर्धा भाग जमिनीचा आहे आणि नेमका तोच उत्सवात कुणी सांगितला नाही. म्हणून ह्या अंकात तिला जागा दिली आहे. वाचून दाखवणाऱ्यांनी घाई करू नये. नावं परकी आहेत, पण मोजणी, लिलाव, कर्ज आणि अंगठा हे शब्द काही परके नाहीत.

आधी एक खुलासा. तिकडच्या मूळ रहिवाशांना 'इंडियन' म्हणतात. कोलंबस भारत शोधायला निघाला, भलतीकडेच जाऊन लागला आणि हाच भारत असं समजून बसला. त्याच्या चुकीनं आपल्या देशाचं नाव त्या लोकांच्या गळ्यात पडलं, ते आजवर सुटलेलं नाही. खरं तर त्यांच्या शेकडो जमाती, ज्याची त्याची भाषा. मोहॉक, ओनायडा, सेनेका, डेलावेअर, शॉनी, मायामी ही त्यातली काही नावं. पूर्वेकडच्या बऱ्याच जमाती मका, घेवडा आणि भोपळा एकाच वावरात पेरत. शेती बायकांच्या हातात असे. इरोक्वॉय म्हणून सहा जमातींची एक जूट होती. तिच्या पंचात कोण बसणार हे कुळातल्या वडीलधाऱ्या बाया ठरवत, आणि तो नीट वागला नाही तर त्याला खालीही उतरवत. 1744 साली ह्या जुटीचा पुढारी कनासाटेगो यानं इंग्रज वसाहतींच्या कारभाऱ्यांना सांगितलं, की तुम्ही आपसात भांडता, त्यापेक्षा आमच्यासारखी जूट करा. बेंजामिन फ्रँकलिननं ते भाषण आपल्या छापखान्यात छापलं. पुढे सात वर्षांनी त्यानंच एका पत्रात लिहिलं, की सहा अडाणी रानटी जमातींना एकी जमते तर आपल्याला का जमू नये. शिकायचं त्यांच्याकडून आणि वर रानटी म्हणायचं! ही खोड आपल्या चांगली ओळखीची आहे.

आता मूळ गोष्ट. तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. त्यांच्या पश्चिमेला डोंगररांग, अ‍ॅपलेशियन. 1763 साली इंग्लंडच्या राजानं हुकूम काढला, की डोंगराच्या पलीकडे कुणी वस्ती करायची नाही, ती जमीन इंडियनांची. कुणीही खाजगीत ती विकत घ्यायची नाही. घ्यायचीच तर राजाच्या नावानं, सगळ्या जमातीची सभा भरवून, उघड्यावर. राजाला इंडियनांचा कळवळा होता असं आम्ही म्हणत नाही. नुकतीच लढाई झाली होती, पुन्हा फौजेचा खर्च त्याला नको होता. पण हुकूम चांगला होता. आणि त्यामुळेच वसाहतीतले जमिनीचे व्यापारी चिडले.

त्यात एक जॉर्ज वॉशिंग्टन. हाच पुढे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. सतराव्या वर्षी तो सरकारी मोजणीदार होता, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवा. 1767 साली त्यानं आपल्या ओळखीच्या एका मोजणीदाराला लिहिलं, की हा हुकूम इंडियनांना गप्प करण्यापुरता आहे, काही वर्षांत तो जाईलच, तेव्हा आतापासूनच चांगली जमीन हेरून खुणा करून ठेव. आणि हे गुपचूप कर.

स्वातंत्र्याच्या लढाईची कारणं पुस्तकात कर आणि चहा अशी देतात. ती खरीच आहेत. 1773 साली बोस्टन बंदरात जो चहा पाण्यात फेकला तो ईस्ट इंडिया कंपनीचा, म्हणजे इकडे बंगाल लुटत होती तीच कंपनी. राजाच्या मनमानीविरुद्ध सामान्य शेतकरी, कारागीर, खलाशी खरोखर लढले, रक्त सांडलं. ते आम्ही हलकं करत नाही. पण 4 जुलै 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा पूर्ण वाचावा. वरच्या बाजूला लिहिलंय की सगळी माणसं जन्मानं सारखी. खाली राजावरच्या तक्रारींची यादी. तिच्यात एक तक्रार अशी, की राजा नवीन जमिनी घेण्याच्या अटी कडक करतो. आणि शेवटची तक्रार ही, की तो निर्दय रानटी इंडियनांना आमच्यावर सोडतो. म्हणजे एकाच कागदावर वर सगळी माणसं सारखी आणि खाली काही माणसं रानटी. कागद पूर्ण वाचायचा तो ह्यासाठीच.

लढाईत इंडियनांची गरज होती, तेव्हा बोलणं गोड होतं. सप्टेंबर 1778 मध्ये फोर्ट पिट इथं नव्या सरकारनं डेलावेअर जमातीशी तह केला, इंडियनांशी केलेला त्यांचा हा पहिला लेखी तह. त्यात लिहिलं, की मर्जी असेल तर पुढेमागे इंडियनांचं एक वेगळं राज्य करू, डेलावेअर त्याचे मुख्य, आणि त्यांचा प्रतिनिधी काँग्रेसमध्ये बसेल. (काँग्रेस म्हणजे आपली काँग्रेस नव्हे, तिथल्या प्रतिनिधींची सभा.) तह करणारा डेलावेअरांचा पुढारी व्हाइट आइज त्याच वर्षी अमेरिकन फौजेला वाट दाखवताना मेला. देवी आल्या म्हणून सांगितलं. काही वर्षांनी सरकारच्याच माणसानं लिहून ठेवलं, की त्याचा खून झाला होता. 1779 मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमानं फौजेनं इरोक्वॉयांची 40 च्या वर गावं जाळली, उभा मका कापला, फळझाडं तोडली. आणि मार्च 1782 मध्ये ग्नाडेनहुटन गावी, ख्रिस्ती झालेल्या, कधी हत्यार न उचलणाऱ्या 96 डेलावेअरांना, बायका-पोरांसकट, गोऱ्या शिबंदीनं बांधून मारलं. ते लोक शेतात राहिलेला मका गोळा करायला परत आले होते.

1783 साली पॅरिसला इंग्लंड-अमेरिकेचा तह झाला. इंग्लंडनं मिसिसिपी नदीपर्यंतचा सगळा मुलूख अमेरिकेला देऊन टाकला. जे तिथं राहत होते त्यांचं नावसुद्धा त्या तहात नाही. जणू रिकामं घर विकलं.

आता नव्या सरकारची दशा बघा. तिजोरी रिकामी, डोक्यावर लढाईचं कर्ज, सैनिकांचा पगार थकलेला. पगाराऐवजी त्यांना कागदी हमीपत्रं दिली. पोटाला नाही म्हणून सैनिकांनी ती व्यापाऱ्यांना मातीमोल विकली. हे कर्ज फेडायचं कशातून? तर डोंगरापलीकडच्या जमिनीतून. मे 1785 मध्ये कायदा झाला: ओहायो नदीच्या पलीकडे सगळ्या जमिनीच्या सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकटी पाडायच्या. एका चौकटीचे 36 तुकडे, प्रत्येक तुकडा 640 एकर. एकराला कमीत कमी एक डॉलर, आणि लिलाव. जंगल असो, नाला असो, कुणाची थडगी असोत, साखळी सरळ जाणार. (प्रत्येक चौकटीतला एक तुकडा शाळेसाठी राखला होता, हेही सांगितलं पाहिजे.)

पण 640 एकरांचे 640 डॉलर एकदम कोण आणणार? लंगडत घरी आलेला सैनिक? तो तर कर्जात बुडालेला. जमीन घेतली ती कंपन्यांनी. एका ओहायो कंपनीनंच 1787 मध्ये सुमारे 15 लाख एकरांचा सौदा केला, आणि किंमत बरीचशी त्याच मातीमोल हमीपत्रांत चुकती केली. सैनिकाच्या घामाचा कागद सावकाराच्या हातात जाऊन इंडियनाची जमीन घेऊन आला. ही सावकारी समजून घ्यायला आपल्याला शाळेत जावं लागत नाही.

गोरे गरीब काही गप्प बसले नव्हते. 1786 च्या पावसाळ्यानंतर मॅसॅच्युसेट्स राज्यात कर्जबाजारी शेतकरी उठले. डॅनियल शेज हा लढाईतला जुना कॅप्टन त्यांच्यात होता. त्यांनी कोर्टाच्या दारात उभं राहून कोर्टच भरू दिलं नाही. कोर्ट भरलं नाही तर जप्तीचा हुकूमही नाही, असा साधा हिशोब. बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली आणि जनरल बेंजामिन लिंकनला त्यांच्यावर पाठवलं. हे नाव पुन्हा येणार आहे.

ह्या बंडानं मोठी माणसं घाबरली, आणि लगेच मे 1787 मध्ये फिलाडेल्फियाला घटना लिहायला बसली. 55 जण आले, 39 जणांनी सह्या केल्या. 'आम्ही लोक' अशी सुरुवात केली. त्या 55 त एक बाई नाही, एक काळा माणूस नाही, एक इंडियन नाही. लोकसंख्या मोजताना पाच गुलामांना तीन माणसं धरायचं ठरलं. आणि कर न भरणारे इंडियन मोजायचेच नाहीत. दुसऱ्या एका कलमात जमातींचं नाव आहे: परदेशांशी, राज्याराज्यांत आणि इंडियन जमातींशी होणारा व्यापार काँग्रेस बघेल. आत घेतलं नाही, पण ही वेगळी राष्ट्रं आहेत हे लिहून बसले. हा शब्द पुढे कामाला आला, ते खाली सांगतो.

त्याच उन्हाळ्यात, 13 जुलैला, काँग्रेसनं ओहायोपलीकडच्या मुलखासाठी आणखी एक कायदा केला. त्यात फार सुंदर कलम आहे. इंडियनांशी नेहमी सच्चेपणानं वागू, त्यांची जमीन त्यांच्या संमतीशिवाय कधीही घेणार नाही. आणि पुढे एक शेपूट: काँग्रेसनं मंजूर केलेल्या न्याय्य युद्धाचा अपवाद सोडून. युद्ध न्याय्य की अन्यायी हे ठरवणार कोण? काँग्रेस. त्याच कायद्यात, तीच जमीन कापून तीन ते पाच राज्यं कशी करायची, तेही लिहिलंय! संमती मागायच्या आधीच वाटणी ठरली होती.

संमती घेतली कशी जायची, तेही ऐका. 1784 ते 1786 या काळात तीन ठिकाणी तह झाले. लष्करी चौकीत, बंदुकांच्या पहाऱ्यात, काही ठिकाणी माणसं ओलीस धरून. जो पुढारी सापडेल त्याची खूण कागदावर घेतली. त्याला जमातीनं पाठवलंय का, हे विचारलं नाही. मोजक्या माणसांच्या खुणेवर सगळ्या जमातींची जमीन दिली असं लिहून घेतलं.

ह्यावर 1786 च्या डिसेंबरात डेट्रॉइटजवळ बऱ्याच जमाती जमल्या आणि त्यांनी मिळून काँग्रेसला पत्र लिहिलं. आमच्या मते त्या सगळ्या काळातला हा सगळ्यात शहाणा कागद, फिलाडेल्फियाच्या कागदापेक्षा कमी नाही. त्यात म्हटलं, की जमीन आम्हा सगळ्यांची सामाईक आहे. आमच्यातल्या कुणा एकानं, एका जमातीनं दिली तर ती दिलेली धरू नका. बोलायचं तर सगळ्यांच्या सभेशी बोला. आणि तोवर तुमचे मोजणीदार नदीच्या अलीकडे पाठवू नका. पहिली मागणी मोजणी थांबवण्याची! ते पत्र काँग्रेससमोर आलं ते 1787 च्या उन्हाळ्यात. मोजणी थांबली नाही.

मग लढाई झाली. 4 नोव्हेंबर 1791 ला वाबाश नदीच्या काठी मायामींचा लिटल टर्टल, शॉनींचा ब्लू जॅकेट आणि इतर जमातींनी मिळून अमेरिकन फौज पार मोडली. 600 च्या वर सैनिक पडले. इतकी मोठी हार इंडियनांकडून त्या फौजेची पुन्हा कधी झाली नाही. तेव्हा सरकार बोलणीला आलं. 1793 साली तीन वकील पाठवले, त्यातला एक तोच बेंजामिन लिंकन, ज्यानं शेजच्या शेतकऱ्यांना मोडलं. वकील म्हणाले, ओहायोपलीकडे आमचे लोक बसलेत, ते आता हलवता येत नाहीत. तुम्ही रोख मोठी रक्कम घ्या आणि वर दरसाल काही.

जमातींच्या सभेनं जे उत्तर दिलं ते आपण घराघरात सांगायला हवं. ते म्हणाले, पैसा आमच्या कामाचा नाही. जमीन आमच्या बायका-पोरांना पोसते. पण तुमचे जे लोक इथे येऊन बसलेत ते गरीब आहेत हे आम्हाला दिसतं. गरीब नसते तर असल्या रोजच्या धोक्यात कोण राहिलं असतं? तर मग आम्हाला देऊ केलेला पैसा त्यांनाच वाटून द्या. फौजेवर जो खर्च करणार तोही त्यात घाला. ते खुशीनं दुसरीकडे जातील.

बघा साथींनो, समोरच्या गरिबाला त्यांनी शिवी दिली नाही. त्याला पुढे कुणी ढकललंय ते ओळखलं. लिंकनसाहेबाला हे उत्तर कसं लागलं असेल! ज्या शेतकऱ्यांना त्यानं बंदुकीनं घरी पाठवलं, त्यांच्यासारख्यांसाठीच इंडियन त्याच्याकडे पैसे मागत होते. सरकारनं ते ऐकलं नाही. जुटीतही मतभेद होते, काही जण थोडी जमीन सोडून मिटवा म्हणत होते. 20 ऑगस्ट 1794 ला फॉलन टिंबर्सच्या लढाईत जमाती हरल्या. जवळच्या किल्ल्यातल्या इंग्रजांनी मदतीची आशा लावली होती, त्यांनी ऐनवेळी दार लावून घेतलं. पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलला तह होऊन ओहायोचा बहुतेक मुलूख गेला. बदल्यात वर्षाला 9,500 डॉलरचा माल, तो बारा जमातींत वाटून.

इथं आपल्या देशाचा एक धागा येतो. 1781 साली यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे हरलेला इंग्रज सेनापती म्हणजे लॉर्ड कॉर्नवॉलिस. तोच 1786 मध्ये गव्हर्नर-जनरल होऊन हिंदुस्थानात आला, आणि 1793 मध्ये, म्हणजे जमातींनी ते उत्तर दिलं त्याच वर्षी, त्यानं बंगालमध्ये कायमधारा लावला, जमीनदाराला जमिनीचा मालक केलं. संथाळ आणि पहाडियांच्या वाट्याला पुढे जे आलं त्याचं मूळ त्यात आहे. तिकडे राजा हरला, इकडे त्याचाच सेनापती जिंकला. जमीन कसणाऱ्याच्या दृष्टीनं दोन्हीकडे कागद एकाच वळणाचा.

आणि कर्जाची गोष्ट राहिली. जाहीरनामा लिहिणारा थॉमस जेफरसन पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. 1803 साली त्यानं एका गव्हर्नरला खाजगी पत्र लिहिलं: सरकारी दुकानांतून इंडियनांच्या चांगल्या पुढाऱ्यांना उधारी होऊ द्यावी. उधारी फिटेनाशी झाली की ते जमीन तोडून द्यायला राजी होतात. हे आमचं म्हणणं नाही, त्याच्या पत्रातलं आहे.

आता आपल्यातला वाद. आपल्या संघटनेत काही जण म्हणतात, घटना-बिटना सगळं थोतांड, कागद गोळा करण्यात वेळ घालवू नका. दुसरे म्हणतात, घटनेत लिहिलंय ना, मग साहेब आज ना उद्या देईलच. आम्हाला दोन्ही पटत नाही. आपली घटनाही 'आम्ही भारताचे लोक' अशीच सुरू होते. पण फरक आहे, तो नाकारू नये. फिलाडेल्फियात एकही इंडियन नव्हता, दिल्लीच्या घटना समितीत जयपालसिंग मुंडा होते. आदिवासींना लोकशाही शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिका, असं त्यांनी तिथं तोंडावर सांगितलं. आपल्या घटनेत पाचवी अनुसूची आहे, मत आहे. अमेरिकेत सगळ्या इंडियनांना नागरिकत्व मिळायला 1924 साल उजाडलं.

कागदाचं काय होतं ते ओनायडांना विचारा. ह्या जमातीनं स्वातंत्र्याच्या लढाईत अमेरिकेची बाजू घेतली होती. 1790 साली काँग्रेसनं कायदा केला, की इंडियनांची जमीन कुणा माणसानं किंवा राज्यानं परस्पर घेतली तर तो व्यवहार रद्द. जमातींना घटनेतच वेगळं धरलं होतं, त्याच्या आधारावर हा कायदा. 1794 च्या तहात ओनायडांच्या जमिनीची हमी दिली. आणि लगेच 1795 मध्ये न्यूयॉर्क राज्यानं परस्पर, केंद्र सरकारला बाजूला ठेवून, त्यांच्याकडून सुमारे एक लाख एकर लिहून घेतली. ओनायडांनी ही गोष्ट सोडली नाही. पिढ्यान्‌पिढ्या अर्ज केले. 1970 मध्ये कोर्टात गेले. 1974 ला सुप्रीम कोर्टानं हा दावा चालेल म्हणून सांगितलं, आणि 1985 मध्ये सांगितलं की 1795 चा तो व्यवहार बेकायदेशीर होता. 190 वर्षांनी! तेव्हाही जमीन हातात आली नाही, नुसती भरपाईची बात होती. पण तो दावा उभा राहिला तो जमातीच्या नावानं. एकेकट्या घरानं कागद कपाटात ठेवला असता तर तो कधीच उंदरांनी खाल्ला असता.

आपल्या भागातल्या एका कचेरीतून गेल्या महिन्यापासून प्लॉटधारकांना एकेकट्याला बोलावणं जातंय. मोजणीच्या आधीच कोऱ्या फॉर्मवर अंगठा मागतात, काहींना सांगतात की तुझं होईल, बाकीच्यांचं बघू. सहा पाड्यांतून ही खबर आली आहे. डेट्रॉइटला जमलेल्यांनी जे लिहिलं तेच आपण सांगायचं: बोलायचं तर पाड्याच्या बैठकीत बोला, फॉर्म तिथे वाचून दाखवा, मोजणी सगळ्यांसमोर करा. आणि शेजारच्या गावचा जो बिगर-आदिवासी गरीब आपल्या लगतची जमीन कसतो त्याला बैठकीला बोलवायचं, त्याच्याशी भांडण काढायचं नाही.

दंडाच्या पावत्या, जुन्या नोटिसा, एकसालीचे कागद ज्याच्याकडे असतील त्यांनी ते पुढच्या बैठकीला आणावेत. नकला करून एक संच पाड्याकडे आणि एक संघटनेच्या पेटीत राहील. मूळ कागद कुणाच्याही हातात द्यायचा नाही, आमच्याही नाही.